सव्वा वर्षाचा ट्रॅक्टर आणि दुसऱ्यांदा गळणारं सील

पत्राचा सारांश : भंडारा जिल्ह्यातल्या एका धान उत्पादक शेतकऱ्याचं पत्र आहे. सहा एकर घरची जमीन, चार एकर ठेक्याची. सव्वा वर्षापूर्वी कर्ज काढून ४५ एचपीचा ट्रॅक्टर घेतला. मीटरवर ५४० तास झाले असताना उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूनं ऑइल गळू लागलं. डीलरच्या वर्कशॉपमध्ये सील बदललं. ‘सील झिजणारा पार्ट आहे, वॉरंटीत बसत नाही,’ असं सांगून सील, ऑइल आणि मजुरीचे ७,३०० रुपये घेतले. त्यानंतर ६८ तासांतच त्याच जागेवरून पुन्हा गळती. आता डीलर म्हणतो, ‘चिखलात चालवता, त्याला आम्ही काय करणार?’ आणि पुन्हा पैसे मागतो. मेहुणा म्हणतो ग्राहक आयोगात खेचा. वडील म्हणतात डीलर शेठशी वैर नको, उद्या त्याच्याच दारात जायचं आहे. गावातला मिस्त्री दोन हजारांत काम करून द्यायला तयार आहे. ‘चिखलणी (धान लावण्याआधी शेतात पाणी साठवून चिखल करणं) केल्याचं मी पहिल्या वेळी सांगितलं नव्हतं. वॉरंटी जाईल अशी भीती वाटली. आता काय करू?’

भाऊ, तुमची शेवटची ओळ मी आधी घेतो. चिखलणी केली हे तुम्ही लपवलंत आणि तेव्हापासून तुम्हीच चुकलात असं तुमच्या मनानं घेतलंय. पत्रभर ते जाणवतं. शेठनी ‘चिखलात चालवता’ म्हटलं आणि तुम्ही गप्प बसलात, ते त्यामुळेच.

पण भंडारा-गोंदियात ट्रॅक्टर विकणाऱ्याला तो बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलात, उतरणार हे माहीत नसतं का? धानाच्या पट्ट्यात ४५ एचपीचा ट्रॅक्टर माणूस आणखी कशासाठी घेतो? तुमच्या मॉडेलचं माहितीपत्रक घरात असेल तर काढून पाहा. त्यात चिखलणीचा उल्लेख किंवा चिखलातला फोटो असेल, तर ते पान जपून ठेवा. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे, घेणाऱ्याला वस्तू कोणत्या कामासाठी हवी आहे हे विकणाऱ्याला कळलेलं असेल आणि घेणारा त्याच्या शब्दावर विसंबला असेल, तर वस्तू त्या कामाला साजेशी असणं ही न लिहिलेली अटच असते. शिवाय आपल्याकडचे ट्रॅक्टर मध्य प्रदेशात बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेत तपासले जातात. तिथल्या चाचणी अहवालांत चिखलातल्या कामाचीही नोंद असते, सील ओलांडून आत पाणी-चिखल गेला का तेही पाहिलेलं असतं. म्हणजे चिखल ही ट्रॅक्टरसाठी अनपेक्षित गोष्ट नाही. तेव्हा या वेळी वर्कशॉपमध्ये गेलात की पहिलं वाक्य हेच बोला : ‘खरिपात इतके तास चिखलणी केली आहे.’ लपवलेली गोष्ट समोरच्याच्या हातातलं हत्यार होते. तुम्हीच सांगितलीत की ती साधी माहिती उरते.

यात तुमचीही एक बाजू येते, ती टाळू नका. ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेत ओल्या रानातल्या कामासाठी देखभालीचं वेगळं पान असतं. ग्रीस रोज मारायचं, संध्याकाळी चाकांच्या आतून चिखल आणि तणीस काढायची, ऑइलची पातळी पाहायची, ऑइल दुधासारखं पांढरट झालंय का ते बघायचं. यातलं तुम्ही काय केलं आणि काय राहिलं, हे एका कागदावर प्रामाणिकपणे लिहा. केजव्हील, म्हणजे चिखलात रुतू नये म्हणून लावतात ती लोखंडी जाळीची चाकं, कुठली लावली होती तेही लिहा. कंपनीनं सांगितलेल्या मापाची होती की गावातल्या वेल्डरकडून रुंद करून घेतलेली? चाक बाहेर सरकलं की एक्सलच्या बेअरिंगवर येणारा ताण वाढतो. हे उद्या इंजिनिअर विचारणारच, म्हणून उत्तर आज तयार असू द्या.

आता मूळ मुद्दा. तुमचं आणि शेठचं भांडण एकाच प्रश्नावर अडलंय : सील वॉरंटीत बसतं की नाही? मला वाटतं हा प्रश्नच आता बदलायला हवा. सील ही काही शे रुपयांची वस्तू. लोखंडी कडं, त्यात रबराचा पातळ ओठ, ओठाभोवती केसासारखी बारीक स्प्रिंग. फिरणाऱ्या एक्सलवर तो ओठ टेकतो आणि ऑइल आत अडवून धरतो. नीट बसवलेलं, चांगल्या जागेवर टेकलेलं सील ६८ तासांत संपत नाही. संपलं, तर त्याला संपवणारं काहीतरी आत अजून तसंच आहे. वर्कशॉपनं सील बदललं, पण ते का गेलं हे शोधलं नाही, असा माझा अंदाज आहे.

असा अंदाज करायला कारण आहे. मी एकोणीस वर्षं ट्रॅक्टर वर्कशॉपमध्ये काढली. सुरुवातीच्या दिवसांत एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं हेच मागचं सील मी स्वतः तीनदा बदललं. प्रत्येक वेळी नवं सील, नवं ऑइल, नवं बिल. चौथ्यांदा ट्रॅक्टर आला तेव्हा आमच्या उस्तादांनी मला बाजूला केलं, एक्सल कापडानं पुसला, सीलचा ओठ जिथं टेकतो त्या जागेवरून अंगठ्याचं नख हळूच फिरवलं आणि माझा हात धरून माझंही नख तिथून फिरवलं. नख अडकलं. जुन्या सीलनं आणि मातीनं मिळून एक्सलवर बारीक खाच पाडली होती, नुसत्या डोळ्यांनी ती चमकदार रेघ वाटत होती. त्या खाचेवर जगातलं कुठलंही सील टिकलं नसतं. त्या शेतकऱ्याचे तीन वेळचे पैसे माझ्या अज्ञानापायी गेले, ते मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून तुम्ही सांगायचं ते असं : ‘मला सील बदलून नको आहे. सील का जातंय ते शोधून द्या.’ त्यासाठी वर्कशॉपनं काय काय पाहायला हवं हे तुम्हाला माहीत असावं, म्हणजे कोणी ‘सगळं चेक केलं’ म्हणून बोळवण करणार नाही. एक्सलवर खाच आहे का, हे नखानं. असली तर एक्सलवर पातळ बाही चढवता येते, किंवा सील थोडं आत-बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो. फारच झिजला असेल तर एक्सल बदलावा लागतो. दुसरं, बेअरिंगमध्ये खेळ आहे का. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं की हाताला कळतं. एक्सल डुलत असेल तर ओठ एका बाजूनं दाबला जातो, दुसऱ्या बाजूनं सुटतो. तिसरं, सील बसवलं कसं. एका बाजूनं हातोडीनं ठोकलं की ते तिरकं जातं. ओठाला ऑइल न लावता कोरडंच सरकवलं की पहिल्या फेऱ्यांतच ओठ भाजतो. बसवताना स्प्रिंग निसटली तर बाहेरून कुणालाच दिसत नाही.

आणि चौथी गोष्ट म्हणजे ब्रीदर. हिच्याकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतच्या ऑइलला तापल्यावर श्वास घ्यायला एक छोटं झाकण असतं. चिखलानं ते बुजलं की आतला दाब वाढतो आणि ऑइल सर्वांत कच्च्या जागेतून बाहेर पडतं. ऑइल पातळीपेक्षा जास्त भरलं तरी गळती होऊ शकते. यावरून एक खूणगाठ बांधता येते. दोन्ही चाकांकडून गळती असेल तर आधी ब्रीदर आणि पातळी पाहायची. एकाच बाजूनं, तीही पुन्हा त्याच बाजूनं असेल, तर संशय एक्सल, बेअरिंग किंवा बसवणुकीवर जातो. तुमची गळती दोन्ही वेळा उजवीकडूनच आहे.

वर्कशॉपला जाण्याआधी घरीच एक काम करा. चाकाची आतली बाजू डिझेलनं धुऊन कोरडी करा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि अर्धा तास ट्रॅक्टर चालवा. पावडरवर ऑइलची ओली वाट उमटते आणि ती कुठून सुरू झाली ते स्पष्ट दिसतं. त्याचा फोटो काढा, मीटरचा फोटो काढा, दोन्ही एकाच दिवसाचे. कधी कधी गळती सीलची नसतेच, शेजारच्या जोडाच्या पॅकिंगची असते. तसं असेल तर ते भांडणाआधीच कळलेलं बरं.

गावातल्या मिस्त्रीबद्दल. तो हाताचा चांगला असेल, तुमचे पाच हजार वाचतीलही, पण आत्ता त्याला हात लावू देऊ नका. एकदा बाहेर खोललं की शेठ म्हणणार, ‘तुम्हीच खोललं, आता आमची जबाबदारी नाही,’ आणि त्या वाक्याला उत्तर द्यायला तुमच्याकडे काही उरणार नाही. बिघाड ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत तो तुमचा पुरावा आहे. वॉरंटीची मुदत संपलेली असती आणि जुनं बिल नसतं, तर मी तुम्हाला सरळ मिस्त्रीकडेच पाठवलं असतं. ज्या वाचकांचे ट्रॅक्टर जुने आहेत त्यांनी तोच मार्ग धरावा, फक्त नखाची परीक्षा आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावी.

वॉरंटीचं म्हणाल, तर आधी पुस्तिकेतलं ते पान अक्षर न् अक्षर वाचा. किती वर्षं, किती तास, कोणते पार्ट वगळले आहेत. सील खरोखर वगळलेल्या यादीत असेल तर पहिल्या बिलातली सीलची किंमत तुम्हाला मागता येणार नाही, हे मान्य करा. पण बेअरिंग किंवा एक्सल त्या यादीत आहे का? सील गेलं ते बेअरिंगच्या खेळामुळे असेल, तर ‘झिजणारा पार्ट’ हे उत्तर पुरत नाही. फुकट सर्व्हिसिंगची कुपनं वेळेवर वापरली का, त्यांवर शिक्के आहेत का, तेही पाहा. एखादं चुकलं असेल तर तसं सांगा.

आणि समजा वॉरंटीत काहीच बसलं नाही. तरीही पैसे घेऊन केलेलं काम ६८ तासांत फसलं, ही बाब वॉरंटीपासून वेगळी आहे. ती सेवेतली त्रुटी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तिच्यासाठी दाद मागता येते. मेहुण्यांना हेच समजावून सांगा. ‘ट्रॅक्टरच सदोष निघाला’ असं म्हणायला गेलात तर उत्पादनातला दोष सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर, त्याला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. ‘दुरुस्ती फसली’ हे दाखवायला मुख्यतः दोन जॉब कार्डं (वर्कशॉप तक्रार आणि काम लिहून घेतं तो कागद), एक बिल आणि मीटरचे दोन आकडे लागतात. ५४० आणि ६०८. तुमची बाजू तिथं भक्कम आहे, म्हणून तिथंच उभे राहा.

आता ट्रॅक्टर नेलात की जॉब कार्ड स्वतः वाचून सही करा. त्यावर नुसतं ‘ऑइल लीकेज’ लिहू देऊ नका. ‘उजव्या मागच्या चाकाकडून गळती, याच जागी ६८ तासांपूर्वी याच वर्कशॉपमध्ये सील बदललं आहे’ असं लिहायला लावा आणि प्रत घ्या. खोलताना समोर थांबा. पहिल्या वेळी जुनं सील तुम्ही वर्कशॉपमध्येच टाकून आलात, आपल्याकडे सगळेच तसं करतात. पण पैसे देऊन पार्ट बदलला की जुना पार्ट तुमचा असतो. या वेळी तो मागून घ्या. दुरुस्ती वॉरंटीत झाली तर कंपनी जुना पार्ट स्वतःकडे ठेवते, तेव्हा निदान त्याचे जवळून फोटो काढा. ओठ एकाच बाजूनं झिजलाय का, फाटलाय का, स्प्रिंग जागेवर आहे का, हे फोटोत दिसलं पाहिजे.

शेठ अडून बसले तर आवाज चढवू नका, पत्र द्या. मजकूर एवढाच पुरे : ‘अमुक तारखेला ५४० तासांवर आपण माझ्या ट्रॅक्टरचं उजव्या मागच्या एक्सलचं सील बदललं, बिल ७,३०० रुपये. ६०८ तासांवर त्याच जागेतून पुन्हा गळती सुरू झाली. ट्रॅक्टर चिखलणीसह शेतीकामासाठी वापरला आहे. कृपया गळतीचं कारण तपासून लेखी कळवावं आणि दुरुस्ती पुन्हा मोबदला न घेता करून द्यावी. १५ दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.’ खाली सही, सोबत बिलाची झेरॉक्स. एक प्रत डीलरला, एक कंपनीला, दोन्ही स्पीड पोस्टानं, आणि पावत्या फाइलमध्ये.

कंपनीला प्रत कशासाठी, तर डीलर हा शेवटचा शब्द नसतो. प्रत्येक कंपनीचा त्या भागासाठी सर्व्हिस इंजिनिअर असतो, त्याच्या ठरलेल्या फेऱ्या असतात. पुस्तिकेवरच्या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या आणि ‘इंजिनिअरच्या समोर खोला’ अशी मागणी करा. माझ्या अनुभवात अशी निम्म्याहून जास्त भांडणं इथंच मिटतात. डीलरलाही ते सोयीचं असतं, कारण कंपनीनं मंजूर केलं की खर्च त्याच्या खिशातून जात नाही. कित्येकदा ‘नाही’ म्हणणारा डीलर खरं तर कंपनीकडे दावा पाठवायची कटकट टाळत असतो. तुमचे शेठ लबाडच आहेत असं धरून चालू नका. तुमच्या पत्रावरून तरी तसं सिद्ध होत नाही.

तिथंही हाती काही लागलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. त्याच्या पुढची पायरी भंडाऱ्याचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठंही असो. वकील सक्तीचा नाही. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि तुमचा वाद दुरुस्तीच्या बिलाचा आहे. तक्रारीसाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. तुम्ही हंगामात शेजाऱ्यांची नांगरणी भाड्यानं करून देता असं लिहिलंय. समोरचा वकील म्हणेल, हा धंदा झाला, हा ग्राहक नाही. कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात धरत नाहीत. ट्रॅक्टर तुम्ही स्वतः चालवता, ड्रायव्हर ठेवून तीन ट्रॅक्टर फिरवत नाही, हे तक्रारीतच स्पष्ट लिहा.

आयोगात जा किंवा जाऊ नका, हे मी तुमच्यासाठी ठरवणार नाही. कायद्यात तीन ते पाच महिन्यांची मुदत लिहिलेली असली तरी तारखा त्याहून लांबतात, आणि प्रत्येक तारीख म्हणजे तुमचा एक दिवस आणि भंडाऱ्याची एक फेरी. सात हजारांसाठी ते परवडत नाही असं कुणाला वाटलं तर त्यात भित्रेपणा नाही. पण इंजिनिअरनं एक्सल किंवा बेअरिंग खराब ठरवलं आणि खर्च तीस-चाळीस हजारांच्या घरात गेला, तर हिशेब बदलतो. तेव्हा आज केलेले कागद कामाला येतील.

वडिलांचं म्हणणं मला पटतं, फक्त त्यांनी काढलेला अर्थ पटत नाही. पुढची अनेक वर्षं पार्ट, सर्व्हिसिंग, हंगामात अडलेलं काम, सगळ्यासाठी शेठचंच दार आहे, हे खरंच. पण नीट भाषेत लिहिलेल्या पत्रानं वैर होत नाही. वैर होतं ते पारावर चार लोकांत ‘शेठनं लुटलं’ म्हणत फिरल्यानं. वडिलांना सोबत घेऊन जा. जुनी ओळख त्यांची आहे, बोलणं त्यांना सुरू करू द्या. कागद तुमच्या हातात असू द्या.

हंगाम अडला आणि पैसे भरून ट्रॅक्टर सोडवावाच लागला, तर भरा, पण बिलावर ‘हरकत राखून रक्कम भरली’ असं लिहून सही करा आणि त्या बिलाचा फोटो घ्या. बदललेल्या पार्टवर आणि कामावर किती दिवसांची हमी, तेही बिलावर लिहून मागा.

एका बाबतीत मात्र थांबू नका. तुमच्या मॉडेलचे ब्रेक कोरडे असतील तर मागच्या एक्सलमधून सुटलेलं ऑइल ब्रेकपर्यंत पोचू शकतं. एका चाकाचा ब्रेक घसरला आणि दुसऱ्याचा धरला, तर भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो. ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले असले तरी पातळी उतरली की गिअर आणि लिफ्ट दोन्हींना मार बसतो. धान आधारभूत केंद्रावर न्यायची वेळ जवळ आली आहे. तोवर रोज सकाळी ऑइलची पट्टी पाहा, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहा आणि उजवा जरा जरी ढिला वाटला तर ट्रॉली जोडू नका, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं घ्या. त्या भाड्याची पावतीही फाइलमध्ये ठेवा.

उन्हाळी धानाची चिखलणी जानेवारीत सुरू होईल. त्याआधी एक्सल खोलून कारण सापडलं पाहिजे, म्हणून पत्र याच आठवड्यात टाका. आणि खोलायच्या दिवशी नख फिरवायला विसरू नका. ते अडकलं की नाही, मला नक्की कळवा.